बिनसांध्याची जमीन

राजरत्न गमरे खुर्चीत बसलेला परळमध्ये फारसा कुणी पाहिलेला नाही. तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहतो. चहा पितो तोही एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून. लग्नाच्या हॉलमध्ये ताट हातात घेऊन भिंतीकडेने फेऱ्या मारत जेवतो आणि हात धुवायला सगळ्यांच्या आधी पोचतो. पायाला भिंगरी लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण याची भिंगरी काही औरच. त्याची बायको प्रिती ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवते, "यांना अर्धा तास एका जागी बसवून दाखवा, मी तुम्हाला पुरणपोळी करून घालते." लग्नाला एकोणीस वर्षं झाली. या पैजेपायी तिला एकदाही पुरण वाटावं लागलेलं नाही.

अशा माणसाला धंदा मिळाला तो जमिनीचा. इपॉक्सीची जमीन. तुम्ही तिच्यावरून चाललेले असता, पण तिच्याकडे बघितलेलं नसतं. ऑपरेशन थिएटरात, औषधांच्या कारखान्यात, टॉवरच्या पार्किंगमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जी चकचकीत, एकसंध जमीन असते ती लादी नव्हे, ती ओतलेली असते. आधी जुनी जमीन मशीननं घासून खडबडीत करायची, धूळ शोषून घ्यायची, भेगा आणि सांधे भरायचे, प्रायमर मारायचा. मग रेझिन आणि हार्डनर एका बादलीत घोटायचे. हे दोघे एकत्र आले की जेमतेम अर्धा तास हातात असतो. तेवढ्यात ओतायचं, पसरायचं, आणि तळाला खिळे असलेले बूट चढवून त्या ओल्या जमिनीवरच चालत, काट्यांचा रोलर फिरवून बुडबुडे फोडायचे. उशीर केलात तर माल बादलीतल्या बादलीत तापतो आणि दगड होऊन बसतो. राजरत्नाच्या स्वभावाला हा अर्धा तास इतका मानवतो की त्या वेळी त्याच्याकडे पाहिलं तर वाटावं, हा माणूस जन्मला तोच मुळी खिळ्यांचे बूट घालून.

हाल होतात ते पुढच्या चोवीस तासांत. त्या वेळात जमिनीवर कुणीही, काहीही पडू द्यायचं नाही. नुसतं थांबायचं. एकदा ठाकूरद्वारच्या एका लॅबमध्ये खिडकी उघडी राहिली आणि एक मांजर ओल्या जमिनीवरून टेबलापर्यंत जाऊन, विचार बदलून परत आलं. बत्तीस पावलं. राजरत्नानं ती मोजली आणि एकेक करून घासून काढली. तेव्हापासून तो पहाऱ्याला स्वतःच थांबतो आणि बंद दारासमोर चोवीस तास येरझाऱ्या घालतो.

बावीस वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका कारखान्यात बादल्या उचलण्यापासून त्यानं सुरुवात केली. आता त्याची स्वतःची मशिनं आहेत आणि मनू नावाचा जोडीदार आहे. मनूही पहिल्या दिवसापासूनचा, जाडजूड, शांत, जेवणानंतर हटकून डुलकी काढणारा. दोघांचं पटतं ते बहुधा त्यामुळेच. आणि राजरत्नाकडे एक सिद्धान्त आहे, जो तो तुम्हाला न विचारता ऐकवतो: सांधा म्हणजे वैरी. सांध्यात पाणी मुरतं, घाण बसते, जंतू घर करतात, आणि माणूस अडखळतो तोही सांध्यालाच. कुणाच्या मयताला गेला तरी ह्याची नजर आधी तिथल्या लादीच्या सांध्यांवरून फिरणार. हा वेडेपणा आहे हे त्याला सांगून उपयोग नाही. मी सांगून पाहिलंय.

त्याचं स्वतःचं घर मात्र सांध्यांनी भरलेलं होतं. पोयबावडीजवळच्या चाळीत तळमजल्यावरची एक खोली, कोपऱ्यात मोरी, आणि खाली जुनी शहाबादी फरशी. दोन-दोन फुटांचे ओबडधोबड दगड आणि मध्ये बोट बसेल अशा दरजा. मुलगी शिकायला नाशिकला हॉस्टेलवर, प्रिती म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर, आणि राजरत्न गावभर. घरात दिवसभर एकट्या चंपाबाई, त्याची आई. वय सत्त्याहत्तर.

चंपाबाईंना दिसत नाही. काचबिंदूनं डोळे कडेकडेने खात मध्यापर्यंत आणले, आणि गेल्या चार वर्षांत उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते कळायचं राहिलं. पण त्या खोलीत पाहुणा आला तर हे त्याच्या ध्यानात यायला अर्धा तास लागायचा. बाई खाटेवरून उठायच्या, सरळ ओट्याशी जायच्या, चहा टाकायच्या, कप आणून नेमका हातात द्यायच्या. मोरीत भांडी घासायच्या. वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावायला फोटोंसमोर जाऊन उभ्या राहायच्या, एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. कुणी नवल केलं की म्हणायच्या, "पन्नास वर्षं हे घर पुसलंय मी. मला नाही कळायचं तर काय नगरसेवकाला कळणार?"

गेल्या ऑक्टोबरात मोरीजवळ पाइप गळायला लागला. घरमालकानं धाडलेल्या प्लंबरनं तिथल्या दोन फरशा उखडल्या. त्यातली एक फुटली, तेव्हा पठ्ठ्यानं दोन्हींच्या जागी एकच लांब दगड बसवला आणि भोवती सिमेंट थापून निघून गेला. दहा दिवसांनी चंपाबाई मोरीच्या कठड्यावर नडगी आपटून पडल्या. डावं मनगट मोडलं.

"पाय चुकला," एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं प्लास्टर घालता घालता राजरत्नाला बाजूला घेतलं. मनगटावर निभावलं, खुबा मोडला असता तर अंथरूणच. पुन्हा पडू देऊ नका.

त्या दिवसापासून राजरत्नाच्या जिवाची घालमेल सुरू झाली. साइटवर असला तरी दर तासाला शेजारच्या आनंदीबाईंना फोन. "आये बरी आहे ना? उठली होती का? कशाला उठली?" आनंदीबाई म्हणजे समोरच्याच खोलीतल्या, चंपाबाईंच्या बरोबरीच्या, आणि फटकळ. चौथ्या दिवशी त्यांनी फोन घेणंच बंद केलं. अँटॉप हिलहून चंपाबाईंची धाकटी बहीण मालन आली आणि म्हणाली, "ताईला माझ्याकडे ठेव. माझी सून घरातच असते, मी बघते तिच्याकडे."

"बघायला मी काय सिनेमा आहे?" चंपाबाई म्हणाल्या. पण मालन गेल्यावर त्यांनी लेकाला हाक मारली, आणि त्याचा हात मिळेपर्यंत हवेत हात धरून ठेवला. "राजू, मला कुणाच्या हातावर देऊ नको रे. माझ्या पायानं मोरीपर्यंत जाते, चहा करते, तोवर मी आहे. ते गेलं की मग कुठंही ठेवलंस तरी सारखंच."

राजरत्नानं होय म्हटलं. उभ्याउभ्याच म्हटलं, पण मनापासून म्हटलं. आणि खाली मान घातली तेव्हा त्याला दिसल्या त्या फरशीच्या दरजा, वर आलेले कोपरे, प्लंबरनं थापलेला सिमेंटचा उंचवटा. वैरी घरात, आणि आपण गावभर लढतोय. त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

मनूनं कपाळावर हात मारला. "अरे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आणि तू फ्लोरिंग करतोस? डोकं फिरलंय काय तुझं?"

"पंधरा वर्षं जातेय ती. तोवर आयेनं काय हवेत चालायचं?"

प्रितीनं वेगळंच विचारलं. "आईंना विचारलंत का?"

त्यानं विचारलं. म्हणजे दारात एक पाय बाहेर ठेवून सांगितलं. चंपाबाईंनी जरा विचार केला. "सगळं सारखं होणार?"

"एकदम सारखं. बोट फिरवलंस तरी सांधा सापडायचा नाही. अडखळायला काही उरणारच नाही बघ."

"कर बाबा. सगळ्या मुंबईच्या जमिनी केल्यास. घराला तुझा हात लागतोय, मला तेवढंच पुष्कळ." आणि त्या खरंच खूश झाल्या. दुपारी आनंदीबाईंना बोलावून सांगितलं, आमचा राजू दवाखान्यासारखी जमीन करतोय.

जानेवारीत, हवा कोरडी असताना, त्यानं काम काढलं. चंपाबाईंना पाच दिवसांसाठी मालनकडे पोचवलं. त्या निघताना पुन:पुन्हा पाच दिवस, पाच दिवस असं म्हणत होत्या. सामान व्हरांड्यात काढलं, कपाट आनंदीबाईंच्या दारात उभं केलं. फरशीवर प्लास्टिकचे तुकडे चहूबाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवले. खालून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आत दव धरतं. मोरीकडच्या तुकड्यावर थोडं धरलं, तिथं ओलीवर धरणारा प्रायमर वापरला. मग घासायचं मशीन चालू झालं आणि आनंदीबाईंच्या वाळत घातलेल्या साड्या पांढऱ्या झाल्या. त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दरजा भरायला त्यानं मनूलाही हात लावू दिला नाही. गुडघ्यावर बसून, पुट्टीचा पत्रा चालवत, एकेक दरज बुजवत गेला. ओट्याजवळच्या एका फरशीचा कोपरा उडालेला होता. त्याचे वडील कोंडीराम पहिल्यांदा या खोलीत राहायला आले तेव्हा गावाहून आणलेली लोखंडी पेटी त्यांच्या खांद्यावरून निसटून तिथं पडली होती. घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झालेली. तो खळगा त्यानं दोन थरांत भरला, वरून तळहात फिरवून पाहिला, आणि मनूला म्हणाला, "बघ, बापाची चूक दुरुस्त केली." मनू हसला. तोही हसला.

रंग आभाळी निवडला. आईला दिसणार नव्हता तरी निवडायला त्यानं दोन दिवस घेतले. एवढ्याशा खोलीत ओतायचं काम वीस मिनिटांत आटपलं. मग दार ओढून घेतलं आणि सुरू झाल्या येरझाऱ्या. प्रितीनं व्हरांड्यात स्टूल आणून ठेवलं. ते रिकामंच राहिलं.

सहाव्या दिवशी चंपाबाई टॅक्सीतून उतरल्या. चाळीतली चार डोकी आधीच दारात जमलेली. त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाय ठेवला.

"गार आहे रे," त्या म्हणाल्या.

"चाल ना आये. बिनधास्त चाल."

त्या दोन पावलं गेल्या. थांबल्या. उजवा पाय पुढे केला, परत मागे घेतला. दोन्ही हात पुढे आले, जे त्यांनी या घरात कधीच पुढे केले नव्हते. बोटं कपाटाला लागली, तर त्या दचकल्या. प्रितीनं पुढं होऊन त्यांना खाटेपर्यंत नेलं. जमलेल्यांनी जमिनीचं कौतुक केलं, आणि चंपाबाईंनीही केलं. "किती गुळगुळीत झालीय," असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवरून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पाणी हवं तर प्रितीला हाक, मोरीवर जायचं तर प्रिती कामावर निघायच्या आत. दिवसभर पाणी कमी प्यायला लागल्या, म्हणजे उठायला नको. चहा बंद झाला. चौथ्या दिवशी ओट्याकडे निघाल्या आणि भिंतीवर जाऊन थांबल्या. तिथून हाका मारत राहिल्या, तेव्हा आनंदीबाईंनी येऊन परत खाटेवर बसवलं.

"काय होतंय आये? दुखतंय का कुठं?"

"काय नाय रे. वय झालं."

"जमीन सरकते का पायाखाली?"

"छान आहे जमीन."

राजरत्नाला वाटलं, घसरायची भीती. त्यानं ओट्यापासून मोरीपर्यंत बारीक वाळू पेरून खरखरीत थर चढवला. जहाजाच्या डेकवर देतात तसा, पाय निसटायची शामत नाही. एक दिवस चंपाबाई आनंदीबाईंकडे. परत आल्यावर त्यांनी पायानं चाचपून पाहिलं, बरं केलंस म्हणाल्या, आणि खाटेवर जाऊन बसल्या.

तीन आठवडे गेले. मधूनमधून अर्धा दिवस घरी थांबून प्रितीची रजा संपत आली. मालनचा फोन आला की ताईला पाठव, आणि पहिल्यांदाच चंपाबाई म्हणाल्या, "पाठव हवं तर." ते ऐकून राजरत्न व्हरांड्यात जाऊन येरझाऱ्या घालू लागला. ज्या बाईनं हवेत हात धरून मला देऊ नको म्हटलं होतं तीच बाई हे म्हणत होती. बरं, तिला पाडणारं काहीच आता घरात उरलेलं नव्हतं. मग ती उठत का नाही? जेवताना, साइटवर, रस्ता ओलांडताना त्याच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. प्रितीवर तो विनाकारण ओरडला, मग विनाकारण भाजी आणून दिली.

अशात माझगावच्या एका छापखान्याचं काम चालू होतं. भर दुपारी रेझिनमध्ये हार्डनर घातला, घोटला, आणि राजरत्न आनंदीबाईंना फोन लावायला खिडकीशी गेला. त्यांनी नेहमीप्रमाणे उचलला नाही. तो लावत राहिला. मनू ओरडला तेव्हा बादलीतून धूर निघत होता. बावीस वर्षांत त्याच्या हातून कधी बादली फुकट गेली नव्हती.

मनूनं ती बादली फडक्यानं धरून बाहेर अंगणात नेली आणि परत येऊन म्हणाला, "घरी जा."

"अरे पण..."

"जा म्हणतोय ना. तू इथं नाहीयेस. उद्या ये."

त्यामुळे तो त्या दिवशी दुपारी अडीचला चाळीत पोचला. एरवी या वेळी तो घरी असत नाही, हे लक्षात ठेवा. चाळीच्या दरवाजातून आत वळला आणि जागच्या जागी थांबला. व्हरांड्याच्या टोकाला सार्वजनिक नळ आहे. त्या नळाकडून त्याची आई चालत येत होती. एकटी. हातात भरलेली कळशी, आणि चाल अशी की पाणी सांडत नव्हतं. हात धरून तिला खोलीबाहेर आणलं असणार ते आनंदीबाईंनीच, पण आता त्या आपल्या दारात बसून लसूण सोलत होत्या आणि तिच्याकडे बघतही नव्हत्या.

व्हरांड्यात अजून जुनी शहाबादी फरशी आहे. राजरत्नाची नजर सवयीनं खाली गेली आणि आईच्या पायांवर खिळली. प्रत्येक पावलाला उजव्या पायाचा अंगठा किंचित पुढं सरकत होता, दरज शोधत होता, दरज सापडली की पाऊल टेकत होतं. अंगठा, दरज, पाऊल. आनंदीबाईंच्या दारासमोर येऊन तिनं कळशी बरोबर पायरीवर ठेवली. मग स्वतःच्या दाराकडे वळली, उंबरा ओलांडला, आणि आत पाय पडताच दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

राजरत्नाला सगळं एका क्षणात कळलं, आणि कळल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो तसाच मागे फिरून रस्त्यावर गेला. कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बावीस वर्षं जमिनी केल्या त्यानं. आईच्या पायांकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आत आला तेव्हा त्या खाटेच्या कडेला पोचल्या होत्या.

"आये, तू दरजा मोजायचीस?"

त्या चमकल्या. मग म्हणाल्या, "मलासुद्धा माहीत नव्हतं रे. पायांना माहीत होतं. इथं आले तेव्हा पाय विचारायला लागले, कुठं आहे, कुठं आहे. तेव्हा कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं केलंस. चार माणसांना दाखवलंस." त्यांनी पदरानं उगाचच तोंड पुसलं. "आणि सांगून काय होणार होतं? जमीन काय उकरून काढणार होतास?"

"आणि मोरीपाशी पडलीस ती?"

"तिथं एक दरज कमी लागली. मला वाटलं अजून एक पाऊल आहे."

राजरत्नानं भिंतीला पाठ टेकली. प्लंबरनं एक दरज पुसली तर आईचं मनगट मोडलं. आणि मी? मी तर सगळ्याच पुसल्या. हे तो मोठ्यानं म्हणाला, आणि त्याला रडू आलं. चंपाबाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता काहीतरी कर. रडायला तुला कुणी घरी बोलावलं नव्हतं."

पहिला विचार कटर आणून खाचा पाडायचा होता, पण खाच पाडली की खालची ओल वर येणार. त्यापेक्षा रेघा उंच करायच्या. दोन समांतर टेप लावायच्या, मधल्या जागेत घट्ट माल भरायचा, टेप ओढून काढायची, की सुतळीएवढी जाड, गोलसर रेघ उठून राहते. पाय अडखळणार नाही, पण अंगठ्याला कळेल. मनूला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "बावीस वर्षं लोकांचे सांधे बुजवले, आता फुकटात बनवून देतोय!" आणि हसून झाल्यावर टेपची बंडलं घेऊन स्वतःच आला.

पण रेघा कुठं मारायच्या? जुनी फरशी कुणाच्याही लक्षात नव्हती. राजरत्नाच्या तर नव्हतीच. ती एकाच माणसाला पाठ होती. चंपाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या, लेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हुकूम सोडायला लागल्या. "इथून तीन आडव्या. तिसरीला खाट. खाटेपासून उजवीकडे दोन, मग ओटा. नाय नाय, दुसरी अलीकडे घे. अजून दोन बोटं. आता बरोबर." गेल्या तीन आठवड्यांत ज्या बाईचा आवाज ऐकू येत नव्हता तिनं त्या दुपारी दोन तगड्या माणसांना घामाघूम केलं. मनूनं एक टेप तिरकी लावली तर पायानं ओळखून त्याला पुन्हा लावायला लावली.

ओट्यापाशी त्या थांबल्या. "आणि पेटीचा कोपरा?"

"तो खळगा होता आये. मोडलेला."

"तो लागला की गॅस हाताच्या अंतरावर. मी त्याच्यावरच उभी राहते."

राजरत्न मनूकडे बघेना. त्यानं गुपचूप तीन बोटांचा एक त्रिकोण आखला आणि बापाची चूक होती तशी परत करून ठेवली.

प्लंबरनं गायब केलेली दरजही टाकली. मग चोवीस तास. चंपाबाई आनंदीबाईंकडे, आणि राजरत्न व्हरांड्यात इकडून तिकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दार उघडलं. चंपाबाई उंबऱ्यावर आल्या. अंगठा पुढं सरकला, रेघेला लागला आणि क्षणभर तिथंच राहिला. मग पाऊल पडलं. एक, दोन, तीन, खाट. हात खाली होते. खाटेला वळसा घालून दोन, पेटीचा कोपरा, ओटा. काडेपेटी हातात आली, गॅस पेटला. सांडशीसुद्धा चाचपावी लागली नाही.  पातेल्यात पाणी ओतताना तेवढं नाक ओढलं.

राजरत्न दारात होता, एक पाय आत, एक बाहेर.

"ये आत," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "बूट काढ. मोजेही काढ. आणि डोळे मीट. लबाडी करू नको, मला कळते."

त्यानं बूट काढले. दिवसभर बुटांत कोंडलेली पांढरीफटक पावलं त्या आभाळी जमिनीवर टेकली. डोळे मिटले आणि नेहमीच्या झपाट्यानं निघाला तो सरळ कपाटावर आदळला. चंपाबाई हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या, पातेलं धरून हसल्या. "धावतोस कशाला मेल्या? पायाला विचार. मागे जा, पहिल्यापासून."

तो मागे गेला. या वेळी हळू. अंगठा पुढं केला. एक. पुढची लवकर येईना, डोळे उघडावेसे वाटले, उघडले नाहीत. दोन. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. तीन.

"आता?"

"आता बस."

तो बसला. चहा आला तो बरोबर त्याच्या हातात आला. पिऊन झाला तरी तो उठला नाही. डोळे मिटून आईची पावलं ऐकत राहिला, खाटेपासून ओटा, ओट्यापासून मोरी, मोरीपासून खाट.

पाच वाजता प्रिती आली आणि दारातच थबकली. पर्स खांद्यावरून घसरली तरी तिला कळलं नाही.

"पुरणाला डाळ भिजत घाल गं," मोरीतून भांडी घासता घासता चंपाबाई म्हणाल्या. "केव्हाचा बसलाय."